आप्पांच्या खोकल्याच्या जागी

सगळ्यात आधी एक सांगून टाकते. माझा भुताखेतांवर विश्वास नाही, अंगात येण्यावर नाही, आणि खरं सांगायचं तर माणसांवरही बेताचाच आहे. दूधवाला, गॅसवाला, "मॅडम, तुमचं केवायसी संपलंय" म्हणणारा फोनवरचा तो गोड आवाज... सगळ्यांना मी एकाच मापाने मोजते. नवरा म्हणतो, तू पोलिसात जायला हवी होतीस. त्याऐवजी मी महाडला कॉम्प्युटरचा क्लास घेते आणि मुलांना रोज बजावते — मशीन स्वतःहून काही करत नाही, कोणीतरी काहीतरी दाबलेलं असतं. या सदरातले अनुभव वाचतानाही सांगणाऱ्याने काय लपवलंय, तेवढंच मी शोधत असते. आता माझ्यावरच लिहायची वेळ आली आहे, तेव्हा तुम्हीही खुशाल संशय घ्या. मला राग येणार नाही. माझे सगळे घेऊन झालेत.

आम्ही महाडात बाजारपेठेच्या वरच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर राहतो. तळमजला स्वस्त मिळत होता, पण सावित्रीचं पाणी ज्याच्या घरात एकदा येऊन गेलंय तो तळमजल्याकडे बघतसुद्धा नाही. हॉलमध्ये खिडकीशेजारी आमचा जुना डेस्कटॉप आहे. ही सगळी गोष्ट त्याचीच.

माझा नवरा मंगेश. त्याची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. नाव सांगत नाही, मोजकी घरं आहेत, लगेच ओळखाल. वाडीचा देव भैरी. शिमग्याला देवाची पालखी देवळासमोरच्या दगडी चौथऱ्यावर, म्हणजे सहाणेवर, बसली की गाऱ्हाणं घालतात. एकजण वाडीतल्या घराघराचं नाव घेऊन देवाकडे मागणं मागतो आणि जमलेले पुरुष प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. बायका मागे उभ्या राहून ऐकतात, बोलत नाहीत. गाऱ्हाणं बोलायचा मान आमच्या घराण्याचा. माझे सासरे — आप्पा — जन्मभर ते बोलले. आणि हे गाऱ्हाणं कागदावर उतरवायचं नाही, असा वाडीचा नियम. एकाने बोलायचं, दुसऱ्याने ऐकून धरायचं.

शेवटच्या आजारपणात आप्पा, सासूबाईंसह, आमच्याकडे महाडला होते. मंगेशने किती ऐकलं तरी त्याला काही केल्या पाठ होईना. शेवटी मीच म्हटलं, आपण रेकॉर्ड करू. वाटलं, भडकतील. पण ते मिश्कील हसले.

"लिवायचं नाय असा नियम हाय. बोलून ठेवायचं नाय असं कोन बोललंय?"

पण अट घातलीच. मोबाइलवर नाही, कुणाला पाठवायचं तर मुळीच नाही. "देवाचं गाऱ्हाणं गावभर हिंडवायचं नाय. घरात ऱ्हाऊंदे." म्हणून कॉम्प्युटर. क्लासमधला माइक आणला. आप्पा बोलायला, मंगेश "व्हय म्हाराजा" म्हणायला आणि मी माउस धरायला. निम्मं झाल्यावर आप्पांना खोकल्याची ढास लागली. मी पाणी दिलं, त्यांनी पेला टेबलावर ठेवला — तो आवाजही आलाय — आणि पुढे सुरू केलं. नंतर मी म्हटलं, आप्पा, खोकला कापून टाकते.

"कशापायी गो? देवाला म्हाईत हाय माजा खोकला. तू काय, देवाकडंबी पावती मागशील!"

हे त्यांचं नेहमीचंच. भाजीवाल्याशी माझी हुज्जत ऐकली की म्हणायचे, आमची सूनबाय वजनाच्या काट्याचंबी वजन करील.

त्या पावसाळ्यात आप्पा गेले. त्यांचा दुसरा आवाज कुठेही नव्हता. लग्नाच्या व्हिडिओत ते नुसते पंगतीत वाढताना दिसतात. म्हणजे आप्पांचा आवाज आणि वाडीचं गाऱ्हाणं, दोन्ही त्या एका फाइलमध्ये. शिमग्याला ते मंगेशने बोलायचं होतं. रोज चहा झाला की तो कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि आप्पांच्या मागोमाग म्हणायचा. इतकं इमानेइतबारे पाठ केलं त्याने की, त्या जागी आला की तोही खोकायचा! आम्ही सासूसुना हसून बेजार.

शिमगा तोंडावर आला आणि मंगेशचा चुलतभाऊ सुनील एक दिवस घरी आला. हा वाडीतच राहतो, लग्नाच्या हळदीला साऊंड लावतो, मोबाइलवर गाणी कापून-जोडून रिमिक्स करतो. अधूनमधून तो बोलायचा, की जो वाडीत राहतो त्याने गाऱ्हाणं बोलावं, महाडवाल्यांना काय त्याचं. हसत बोलायचा, पण मी हसण्यावारी नेणाऱ्यातली नाही. त्या दिवशी "वहिनी, जरा आप्पांचं ऐकतो" म्हणून तो कॉम्प्युटरवर बसला. मी स्वयंपाकघरात होते. परत आले तर मशीन बंद आणि भाऊजी चप्पल घालून दारात.

"निघालात? चहा टाकलाय."

"नाय वहिनी, एसटी गाठायची हाय." माझ्याकडे न बघता गेले.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरूच होईना. काळा स्क्रीन, त्यावर एक पांढरी ओळ — बूट करायला डिव्हाइस सापडत नाही. केबल काढून लावल्या, पेन ड्राइव्हवरून सुरू करून पाहिलं, डिस्क दुसऱ्या मशीनला जोडली. आतून नुसती टिक्... टिक्... टिक्. डिस्क गेली होती. माझ्या डोक्यात एकच आलं — बसला कोण होता? मंगेशला म्हटलं तर तो उखडला. "जुनी डिस्क आहे, कधीतरी जाणारच. तुला प्रत्येक गोष्टीत चोर दिसतो!"

बरं, मी काही हात चोळत बसणारी नाही. दिवाळीच्या साफसफाईत मी अख्ख्या मशीनचा बॅकअप बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन कपाटात ठेवला होता, पासवर्ड टाकून. पासवर्ड मंगेशलाही माहीत नाही. जेवताना मी दोघांना समजावून सांगितलं — नवीन डिस्क बसवायची, तिच्यावरचं आधी सगळं पुसायचं, मग बॅकअपमधून पुन्हा भरायचं, आप्पा जसेच्या तसे परत. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"आदी पुसायचं?"

"हो आई. पुसल्याशिवाय भरता येत नाही."

दुसऱ्या दिवशी क्लासवरून येताना मी बाजारातून नवीन डिस्क, म्हणजे एसएसडी, घेऊन आले, कपाट उघडलं तर बॅकअपची डिस्क गायब. आणि आईही घरात नाहीत! फोन लावला तर पलीकडून कोंबड्यांचा आवाज.

"मी वाडीला आलेय गो. भैरीचा कौल घेतल्याबिगर तू त्यांना पुसायचं नाय."

पोलादपूरच्या स्टँडवरून त्यांना गाडीवर कोण घेऊन गेलं असेल? सुनील. आमचं वाडीतलं घर बंद, तेव्हा त्या राहिल्या कुठे? सुनीलकडेच. म्हणजे ज्याच्यावर संशय, त्याच्याच घरात माझी डिस्क एक रात्र. माझ्या तर तोंडाची चवच गेली. मंगेश म्हणाला, पासवर्ड आहे ना मग? मी म्हटलं, पासवर्ड आहे, पण पाट्यावर ठेवून ठेचली तर?

सकाळी आम्ही दोघं वर गेलो. देवळात बघते तर भैरीपुढे केळीच्या पानावर माझी हार्ड डिस्क! वर हळद-कुंकू, अक्षता, शेजारी नारळ. केबल लावायच्या खाचेत कुंकू भरलेलं. माझ्या कपाळाची शीर उठली, पण देवळात ओरडता येत नाही. गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आई हात जोडून उभ्या राहिल्या.

"म्हाराजा, ह्या डबीत माजं मानूस हाय. सून बोलते पुसून परत आणते. आणूंदे का?"

बराच वेळ काहीच हललं नाही. मी बघत होते — गुरव कुठे फुंकर मारतो का, वारा कुठून येतो. मग उजवीकडची पाकळी पडली. आईंनी डोळे पुसले. मी मनात म्हटलं, उजवीकडे पाणी कमी लावलं असणार. आणि डिस्क ओढणीत गुंडाळून पर्समध्ये टाकली.

आई शिमग्यापर्यंत तिकडेच राहणार म्हणाल्या. सुनील मात्र म्हणाला, "मी येतो संगती. माज्यासमोर करा." मला तेवढंच हवं होतं. चोराला समोर बसवून मशीन उघडायचं!

घरी आल्यावर टूथब्रशने खाचेतलं कुंकू काढलं. एसएसडी बसवली, पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू केलं, पासवर्ड टाकला. मशीनने तो बरोबर घेतला, म्हणजे बॅकअपला कोणी हात लावलेला नव्हता. लावला असता तर तो उघडलाच नसता. रिस्टोअरची हिरवी पट्टी हळूहळू सरकत राहिली. मंगेश येरझाऱ्या घालत होता, सुनील खुर्चीच्या टोकावर बसून होता. टळटळीत दुपार, खाली रिक्षांचे हॉर्न... कसलंही भीतीदायक वातावरण नव्हतं, हे मुद्दाम सांगते.

मशीन सुरू झालं. डेस्कटॉपवर आमचा जुनाच फोटो, तेच फोल्डर. फाइल लावली. आप्पांचा आवाज आला आणि आम्हा तिघांनाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, मला रडूच आलं. मंगेश सवयीने मागोमाग बोलू लागला. ती जागा आली आणि मंगेश खोकला.

आप्पा खोकले नाहीत.

आप्पा बोलत होते. त्याच आवाजात, त्याच लयीत, जणू मागणं पुढे चाललंय.

"माजी सून संशयी हाय, म्हाराजा. मनानं वाईट नाय. तिचा संशय कदी खरा होऊ देऊ नको."

मग काहीतरी ढप् वाजलं, बारीक खळखळ झाली. आणि "व्हय म्हाराजा" आलं. ते मंगेशच्या आवाजात नव्हतं, बाईच्या आवाजात होतं. माझ्या. त्यानंतर टेबलावर पेला ठेवल्याचा आवाज आणि पुढचं गाऱ्हाणं, नेहमीसारखं.

मंगेशचा हात तोंडावर तसाच राहिला. मी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मी ते रेकॉर्डिंग करताना तिथे बसले होते. मी एक शब्द बोलले नव्हते. मंगेशने ते रोज ऐकलं होतं, खोकल्यासकट. मी ताडकन उठले.

"भाऊजी, हे तुमचं काम. रिमिक्स करता ना? आणि हल्ली आवाजाची नक्कल करणारी अ‍ॅप्स मिळतात. मला धडा शिकवायला बसलात काय? आप्पांच्या तोंडून मला ऐकवायचं होतं?"

सुनील आता भांडेल असं वाटलं होतं. तो खाली बघत बोलला.

"वहिनी, आईशपथ, ह्यातलं मी काय केलेलं नाय. त्या दिवशी येक चूक झाली, ती सांगतो. मी आयकत व्हतो... आप्पा आयकून मना रडू यायला लागलं. तेवढ्यात काकी आंघोळ करून येतायत असं वाटलं. त्यांनी आवाज आयकला असता तं त्या बसल्या असत्या रडत. म्हनून मी भिंतीवरचं बटन दाबलं. येकदम. असं बंद करायचं नसतं हे मना म्हाईत हाय."

"आणि वाडीत राहणाऱ्याने गाऱ्हाणं बोलावं, ते?"

"ते मंगेशदादाला चिडवायला. मान घेऊन काय करू? मना आप्पांनी पोरासारखं वागवलं, वहिनी. मशीन बंद पडलं आयकल्यापास्नं मी जेवलो नाय नीट. म्हनून तं आलो संगती."

तो खरोखर रडत होता. मशीनसमोर कोणीतरी काहीतरी दाबलेलं असतं हे माझं म्हणणं खरं निघालं होतं, पण त्यात चोर कुठेच नव्हता. मला फार ओशाळवाणं वाटलं. आणि तरीही... तरीही मी संध्याकाळपर्यंत ती फाइल तपासत बसले. फाइल शेवटची बदलल्याची तारीख रेकॉर्डिंगच्या दिवसाची. लांबी सेकंदाला सेकंद तीच, आप्पांना खोकायला लागायचा तेवढ्याच वेळात ते वाक्य बसलेलं. आवाजाच्या रेघा स्क्रीनवर मोठ्या करून पाहिल्या. कुठे जोड नाही, कुठे काप नाही. सुनीलच्या घरी कॉम्प्युटर नाही, आणि त्या रात्री वाडीत लाइट नव्हती असं गुरवही म्हणाला. (हो, मी गुरवाला फोन करून विचारलं.) जुनी डिस्क पुण्याला पाठवली, म्हटलं तिच्यातला खोकला मिळाला तर पुरावा होईल. तिच्यातलं काहीही वाचता येत नाही म्हणून ती परत आली.

शिमग्याचं गाऱ्हाणं सुनीलने बोलायचं, हे मीच सुचवलं. दोन-तीनदा ऐकूनच त्याला जवळजवळ सगळं धरता आलं होतं. मंगेशने लगेच मान डोलावली. इतक्या आनंदाने की, त्याला ते ओझंच वाटत होतं हे मला तेव्हा कळलं.

पालखी सहाणेवर बसली. उन्हं कलायला आली होती, गुलालाने सगळे लाल. सुनील पुढे झाला आणि बोलू लागला. घराघराचं नाव, गुराढोरांचं, मुंबईला गेलेल्यांचं. मागोमाग पुरुषांचं "व्हय म्हाराजा". मी बायकांत मागे उभी होते. ती जागा जवळ आली. अख्ख्या वाडीसमोर हा ते वाक्य बोलला तर?

त्या जागी सुनील थांबला. त्याने गर्दीतून माझ्याकडे पाहिलं. आणि खोकला.

पुरुष गप्प. खोकल्याला "व्हय" कोण म्हणणार? ढोलवाल्याला वाटलं झालं, म्हणून त्याने गळ्यातला ढोल उतरवून दगडाला टेकवला — ढप्. कोणाचा तरी धक्का लागून पालखीचे घुंगरू खळखळले. आणि मी बोलले, "व्हय म्हाराजा." मी ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं. बायकांनी वळून पाहिलं, सुनीलने डोळे पुसले आणि पुढे बोलायला लागला.

ते ढप् आणि ती खळखळ मी आधी ऐकली होती. आमच्या हॉलमध्ये, खिडकीशेजारी.

महाडला परतल्यावर फाइल लावली. या वेळी सासूबाई शेजारी होत्या, त्यांनी हे पहिल्यांदाच ऐकलं. ढोल टेकल्याचा आवाज, घुंगरू, माझा आवाज... सगळं तसंच, सहाणेवरचं. मागे कुठेतरी कुत्रं भुंकतं, तेही आम्ही शिमग्याला ऐकलं होतं. मी घाबरून आईंकडे पाहिलं. त्या शांत होत्या.

"ह्यात काय नवीन नाय गो. ते रोज सकाळी देवापुढं असंच बोलायचे तुज्यासाठी. तू क्लासला जायाच्या घाईत असायचीस. तुला आयकाय आलं नाय, येवढंच."

त्या वाक्याचं मला कळलं. कोण बोललं, कशासाठी बोललं, हेही कळलं. पण आप्पा गेल्यानंतरच्या शिमग्यात सहाणेवर टेकलेला ढोल, दिवाळीत घेऊन कुलूपबंद केलेल्या बॅकअपमध्ये कसा वाजला, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. एखाद्याकडे असेल तर जरूर कळवा, मी तुमच्यावरही संशय घेईनच.

आता त्या फाइलचा बॅकअप तीन ठिकाणी आहे. बॅकअप अधूनमधून उघडून तपासत राहा, असं मी मुलांना शिकवते. मी मात्र तो अजून उघडलेला नाही. सकाळी क्लासला निघताना देवघरासमोर जरा थांबते, आई पूजा करत असतात, आणि हळूच "व्हय म्हाराजा" म्हणून जिना उतरते.